घाटमाथ्यावर थांबलेले मूर्ख

एकट्याने सायकल चालवणारा माणूस शहाणा असतो, हे आधीच मान्य करून टाकतो. पहाटे त्याला कुणाची वाट पाहावी लागत नाही. ठरलेले वॅट ठरलेल्या मिनिटांत मारून तो आठच्या आत घरी येतो. दुसऱ्याची ट्यूब बदलून होईपर्यंत त्याला रस्त्याच्या कडेला उभं राहावं लागत नाही, आणि घाम वाळून अंगावर काटाही येत नाही. त्याहून शहाणा माणूस तर घराबाहेरच पडत नाही. बैठकीच्या खोलीत ट्रेनरवर सायकल चढवून, समोर पंखा लावून तो तासभर घाम गाळतो. त्याच्या वाटेत खड्डा नाही, कुत्रं नाही, उलट्या दिशेने येणारी दुचाकी नाही. सरावाचं शास्त्र जाणणारा कुणीही सांगेल की वेगवेगळ्या कुवतीच्या माणसांनी एकत्र सराव करणं यासारखा वेळेचा अपव्यय नाही. ताकदवानाला तो पुरत नाही आणि नवख्याला झेपत नाही. मधल्यांना तर आपला नक्की कसला सराव झाला हेही उमगत नाही.

यातलं एकही विधान खोटं नाही. तरीही पुण्यात, नाशकात, ठाण्यात, नागपुरात दर रविवारी उजाडायच्या आत चौकाचौकांत लाल दिवे लुकलुकू लागतात. दहा-पंधरा माणसं जमतात. त्यांत शर्यती मारलेला तिशीतला गडी असतो, बारावी संपवून नुकतीच सायकल हाती घेतलेली मुलगी असते, निवृत्त झालेले आणि डॉक्टरांनी गुडघे जपायला सांगितलेले काका असतात. कुणाकडे सात-आठ किलोची कार्बनची रोड बाइक असते, तर कुणाकडे तिच्या दुप्पट वजनाची, मडगार्ड आणि स्टँड असलेली सायकल. ही सगळी माणसं एकाच रस्त्याने, एकाच ठिकाणी, एकत्र जायचं ठरवतात. हा मूर्खपणा आहे. मी त्या मूर्खपणाच्या बाजूने लिहितो आहे आणि त्याला दुसरं गोंडस नाव देणार नाही.

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिल्याच समासात मूर्खाची लक्षणं सांगितली आणि त्याच दशकाच्या शेवटच्या समासात पढतमूर्खाची वेगळी सांगितली. दोघांना एकाच समासात कोंबलं नाही, ही मोठी समज आहे. सायकलीच्या जगातही हे दोन वेगळे आहेत. पढतमूर्खाला सगळे आकडे पाठ असतात. गट कशासाठी असतो, तेवढं त्याला ठाऊक नसतं. साध्या मूर्खाला आकडे ठाऊक असोत वा नसोत, तो घाटमाथ्यावर थांबतो.

आता हे थांबणं म्हणजे नेमकं काय, हे समजायला आधी सपाट रस्त्यावर काय होतं ते पाहायला हवं.

सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरने जाणाऱ्या माणसाची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. चाकांचं घर्षण, चेनचा विरोध हे त्यापुढे किरकोळ. आणि हवेचा हिशेब चक्रवाढ व्याजासारखा चढत जातो. वारा पडलेला असताना ताशी पंचवीसवरून तीसवर जायचं तर वेग वाढतो पाचवा हिस्सा, पण हवा कापायला लागणारी ताकद वाढते ७० टक्क्यांहून जास्त. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतर ठेवून चालवणाऱ्याचा पाव हिस्सा, कधी तिसरा हिस्सा श्रम वाचतो. मोठ्या घोळक्यात तर ही बचत डोळे विस्फारायला लावणारी आहे. बर्ट ब्लोकन या अभियंत्याने सहकाऱ्यांसह २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा वाऱ्याच्या बोगद्यात आणि संगणकावर अभ्यास केला. घोळक्याच्या पोटातल्या स्वाराला हवेचा जो विरोध होतो, तो त्याच वेगाने एकट्याने जाणाऱ्याच्या पाच ते दहा टक्के एवढाच भरतो, असं त्यांना दिसलं.

रविवारच्या आपल्या पंधरा जणांना एवढं मिळणार नाही, पण तत्त्व तेच. म्हणून सपाटीवर मिश्र गट चालतो. पुण्यातून सोलापूर रस्त्याने यवत-पाटसकडे निघालं की ताकदवान गडी वाऱ्याला तोंड देत ताशी अठ्ठावीसने चालवतो आणि एकट्याने बावीसच्या वर न जाणारी मुलगी तिसऱ्या-चौथ्या चाकामागे बसून त्याच अठ्ठावीसने जाते. आयुष्यात पहिल्यांदा तिला हा वेग पायाखाली जाणवतो. तो तिचा स्वतःचा नसतो, पुढच्या तिघांनी तिच्यासाठी काढलेला असतो. काही महिन्यांनी तो तिचा होतो, कारण या वेगाला श्वास कसा ठेवायचा, पायांची लय किती ठेवायची, हे तिच्या अंगाला आधीच कळलेलं असतं. ट्रेनर कितीही महाग घेतला तरी हे त्याच्यावर शिकता येत नाही. दुसऱ्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतरावर, ब्रेकला बोट न लावता, निवांत खांद्यांनी जाणं हे माणसाच्या मागेच शिकावं लागतं.

आणि इथेच पहिला मूर्ख भेटतो. पुढे वारा खाणारा. त्याने स्वतःचा सराव केला असता तर कधी बत्तिसाने, कधी चोविसाने, पाहिजे तसं चालवलं असतं. त्याऐवजी तो एकच वेग काट्यासारखा धरून बसतो. चढ लागला की स्वतःला आवरतो आणि उतारावर पेडल मारत राहतो, कारण पुढचा पेडल मारायचा थांबला की मागच्या सगळ्यांना ब्रेक लावावा लागतो. वळणावरून निघताना तो मुद्दाम सावकाश निघतो. रांगेतल्या पहिल्याने वळणानंतर जरा जोर केला की तो जोर मागे जाताना वाढत जातो आणि शेवटच्याला जिवाच्या आकांताने दामटावं लागतं. पहिल्या तिघांना वाटतं आपण एकसारखे चाललो आहोत, आणि शेवटचे काका मात्र दर वळणाला शर्यत मारत असतात. चांगला मूर्ख हे न बघता ओळखतो. त्याला मागे डोळे असतात, असं गटात सगळे म्हणतात.

त्याच्याबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. मागे अगदी जवळ कुणी असेल तर पुढच्यालाही हवेचा विरोध दोन-तीन टक्क्यांनी कमी होतो, कारण त्याच्या पाठीमागची हवेची ओढ मागच्यामुळे मंदावते. मागे बसलेला नवखा आपल्याला ओझं समजत असतो. ते तितकंसं खरं नाही, हे त्याला कुणीतरी पहिल्याच रविवारी सांगायला हवं.

मग घाट येतो, आणि सपाटीवर जमलेलं सगळं मोडतं.

बोपदेव घ्या, दिवे घाट घ्या, जुना कात्रज घ्या. चढणीवर ताशी दहाच्या वेगाला हवा जवळजवळ हिशेबात राहत नाही. उरतं वजन आणि ते ओढणारे पाय. कुणाच्याही चाकामागे लपून चढण चढता येत नाही. पाच किलोमीटरचा घाट धरा. एक जण ताशी पंधराने चढला तर वीस मिनिटांत माथ्यावर. दुसरा ताशी आठने चढला तर त्याला साडेसदतीस मिनिटं. सपाटीवर एकमेकांपासून हातभर अंतरावर असलेल्या दोघांत आता सतरा-अठरा मिनिटांचं अंतर पडलेलं असतं. गटाची परीक्षा घाटात होते ती अशी. ती चढणाऱ्यांच्या पायांची नसते. आधी पोचलेला त्या सतरा मिनिटांचं काय करतो, याची असते.

शहाणा पुढे जातो. सासवडला पोचून मिसळ मागवतो आणि गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तिचा फोटो टाकतो. पढतमूर्ख थांबतो, पण घड्याळाकडे बघत. त्याचा हृदयाचा वेग खाली चाललाय, सरासरी बिघडते आहे, हे त्याच्या तोंडावर दिसतं. शेवटचा माणूस धापा टाकत माथ्यावर पोचतो त्याच क्षणी हा क्लीट अडकवतो आणि म्हणतो, "चला, निघू या." म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्याला ती शून्य मिनिटं मिळाली आणि ज्याला नको होती, त्याला सतरा. अशा गटांना आपण सगळ्यांना सोबत नेतो असं मनापासून वाटत असतं. नवखा मात्र तिसऱ्या रविवारनंतर येईनासा होतो. घरी कुणी विचारलं तर कामाचं कारण सांगतो, आणि गटात त्याच्या न येण्याची नोंदही होत नाही. गेल्या काही वर्षांत सायकल घेऊन सोडून दिलेल्या कितीतरी माणसांची सायकल अशाच एखाद्या घाटमाथ्यावर सुटली, असं माझं ठाम मत आहे. सायकली चांगल्या होत्या, पायही वाईट नव्हते.

खरा मूर्ख माथ्यावर पोचतो, बाटलीतलं दोन घोट पाणी पितो आणि सायकल वळवून पुन्हा खाली जातो. शेवटचे काका जिथे कुठे असतील तिथे त्यांना गाठतो, वळतो आणि त्यांच्याबरोबर परत चढू लागतो. ताशी आठने. पंधराने चढणाऱ्याला आठने चढणं सोपं नसतं. तोल सांभाळावा लागतो, पायांची लय मोडते. तो काकांना म्हणतो, "सावकाश या काका, वर काही नाहीये. मीही जरा रमतगमत चाललोय." आपण एकदा वर जाऊन आलो, हे तो सांगत नाही. काका समजायचं ते समजतात. पुढचं वळण संपेपर्यंत दोघं पावसाविषयी, काकांच्या मुलाच्या बदलीविषयी बोलतात. बोलता येतंय म्हणजे श्वास ताब्यात आहे, हा सरावशास्त्रातला साधा निकष आहे. मूर्खाला तो पुस्तकातून माहीत असेलच असं नाही, पण त्याने काकांना बोलतं ठेवलं म्हणजे ते स्वतःला जाळून टाकणार नाहीत, एवढं त्याला पक्कं कळतं.

इथे एखादा हुशार वाचक मला वाचवायला येईल. तो म्हणेल की हा मूर्खपणा मुळी नाहीच. वरच्याच घाटात खाली वळलेल्या गड्याला हिशेबाने पावणेदोन-दोन किलोमीटर जास्तीची चढण मिळाली, सराव वाढला. शिवाय सहनशक्तीच्या खेळांचे अभ्यासक स्टीफन सायलर यांनी दाखवून दिलं आहे की अव्वल खेळाडू आपल्या सरावाची साधारण ८० टक्के सत्रं हलक्या, बोलता येईल अशा जोराने करतात. तेव्हा काकांबरोबर आठने चढणं हा ताकदवानाच्याही फायद्याचाच सराव.

हे मला माहीत आहे, आणि मिश्र गट चालवणाऱ्याने ते जरूर वापरावं. रहदारी नसलेल्या चढणीवर सगळ्यांना सारखं अंतर देऊ नये, सारखी वेळ द्यावी. पाच मिनिटं प्रत्येकाने आपापल्या जोराने चढायचं, पाच मिनिटं झाली की जिथे असाल तिथे थांबून मागे बघायचं, रस्ता मोकळा असेल तर वळून सगळ्यात मागच्यापर्यंत यायचं आणि पुन्हा सगळ्यांनी एकत्र सुरुवात करायची. जोरकस माणूस लांब गेला, नवखा थोडं गेला, दोघांचीही पुरती दमछाक झाली, आणि दर दहा-बारा मिनिटांनी गट पुन्हा एक झाला. मिश्र गटासाठी याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. पण माझी बाजू मी या फायद्यावर उभी करणार नाही. फायदा आहे म्हणून मागे वळणारा माणूस शहाणाच म्हणायचा. त्याला उद्या कुणी जास्त फायद्याचा सराव दाखवला की तो वळायचा थांबेल. मी ज्याची स्तुती करतो आहे त्याच्या वळण्यात कधीकधी काहीही फायदा नसतो. महिन्यावर शर्यत आली आहे, कार्यक्रमात त्या दिवशी जोराचा सराव लिहिलेला आहे, तो बुडतो आहे हे त्याला पुरेपूर ठाऊक आहे, आणि तरी तो वळतो. गट तयार होतो तो या बुडालेल्या सकाळींतून. गट उभा करायचा दुसरा कुठला मार्ग मी पाहिलेला नाही.

दिवे घाटाचं नाव घेतलं, तर तिथे दरवर्षी काय घडतं तेही सांगायला हवं. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाताना हाच घाट चढते. रथाला घाटात जास्तीच्या बैलजोड्या लावतात. दिंड्यांमध्ये सत्तरीच्या आजीबाई असतात आणि विशीतली पोरं असतात, आणि पोरं आजीबाईंना मागे टाकून सासवडला लवकर पोचली म्हणून कुणी त्यांचं कौतुक करत नाही. दिंडीत चालणाऱ्याला आपली जागा ठाऊक असते. ज्या महाराष्ट्राने वेगवेगळ्या कुवतीच्या लाखो माणसांना एका चालीने शेकडो वर्षं चालवून दाखवलं, त्याला पंधरा सायकलींचं गणित जड जाऊ नये. नाशिकहून पंढरपूरला दरवर्षी निघणाऱ्या सायकलवारीने ते जमवलंही आहे. तिथे पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे असतात आणि पंढरपुरात पोचून सायकलींचं रिंगण होतं. कुणाला किती वेळ लागला, हा तिथे विषयच नसतो.

सायकलीच्या इतिहासात मात्र शहाण्यांनी या मूर्खपणाला बराच काळ शिक्षाच केली. टूर द फ्रान्सचे संस्थापक आँरी देग्रांज यांचा ठाम आग्रह होता की शर्यत एकेकट्याची. कुणाची मदत घेतली तर दंड. १९१३ मध्ये युजेन क्रिस्तॉफ पिरेनीजमधल्या तूर्मालेच्या उतारावर असताना त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो कित्येक किलोमीटर चालत खालच्या गावातल्या लोहारशाळेत गेला आणि पंचांच्या देखत स्वतःच्या हातांनी चिमटा जोडू लागला. दोन्ही हात कामात गुंतलेले, म्हणून एका पोराने भाता ओढला. बाहेरची मदत घेतली म्हणून क्रिस्तॉफला दहा मिनिटांचा दंड झाला. तो पुढे कमी केला, पण ठोठावला होता खरा. त्या पोराने भाता ओढला नसता तर नियम शाबूत राहिला असता आणि लोखंड थंड झालं असतं.

१९३४ साली वीस वर्षांचा रने व्हिएतो याच पिरेनीजमध्ये ऐन भरात होता. त्याच्या संघाचा म्होरक्या आँतोनँ मान्यचं चाक निकामी झालं, तेव्हा व्हिएतोने स्वतःचं चाक काढून दिलं आणि मदतीची गाडी येईपर्यंत रस्त्याकडेच्या कठड्यावर बसून राहिला. तो रडत होता, त्याचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. दुसऱ्या दिवशी मान्य पुन्हा अडचणीत आला. व्हिएतो त्याच्या पुढे निघून गेला होता. तो शर्यतीच्या उलट दिशेने चढण चढत मागे आला आणि या वेळी आख्खी सायकल देऊन मोकळा झाला. मान्यने ती टूर जिंकली. व्हिएतो पाचवा आला. मी व्हिएतोचं उदाहरण फार हळवेपणाने घेत नाही. त्याला तसा आदेश होता, संघाचा तो नियम होता, आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी सांगतं की त्याला त्याची किंमत कळत होती. मला तेच महत्त्वाचं वाटतं. किंमत कळत असताना ती मोजणं.

आणि गंमत अशी की याच देग्रांजनी १९०४ मध्ये फ्रान्समध्ये ओडॅक्स पद्धतीच्या सामूहिक सायकलफेऱ्या सुरू केल्या. कल्पना इटलीची. १८९७ मध्ये बारा जण सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत सायकल चालवत रोमहून नेपल्सला जायला निघाले होते, त्यावरून सुचलेली. ओडॅक्समध्ये गटाला कॅप्टन असतो. वेग तो ठरवतो, त्याच्या पुढे कुणी जायचं नाही, आणि गटाने एकत्र पोचायचं. आजही त्या पद्धतीच्या फेऱ्या ताशी साडेबावीसच्या ठरलेल्या सरासरीने होतात. आपल्याकडे ज्यांना ब्रेव्हे म्हणतात त्या त्याच घराण्यातल्या, पण मोकळ्या वेगाच्या. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. या वेळेत पोचलात की झालं. पहिला-दुसरा क्रमांक तिथे नाहीच. पहाटे चारला एखाद्या ढाब्यावर अनोळखी माणसाची सायकल दुरुस्त करायला थांबलेले लोक ब्रेव्हेमध्ये जास्त का भेटतात, याचं कारण मला या नियमात दिसतं. क्रमांकच नसेल तर थांबणाऱ्याचं काही गेलं असं कुणी त्याला सांगू शकत नाही.

मूर्खपणाची स्तुती करतो म्हणून सगळाच मूर्खपणा गोड मानावा असं नाही. गटात एक मूर्खपणा धोक्याचा असतो. नवखा पहिल्यांदा पुढे येतो, सगळ्यांच्या नजरा पाठीवर आहेत असं त्याला वाटतं, आणि अठ्ठावीसचा वेग तो तेहतिसावर नेतो. आपण गटाला मदत केली अशी त्याची समजूत. मागे गटाचे तीन तुकडे झालेले असतात. त्याला रागावून उपयोग नाही. पुढे यायचं ते वेग वाढवायला नव्हे, तोच वेग थोडा वेळ धरायला, आणि थकायच्या आधीच बाजूला व्हायचं, हे शांतपणे सांगावं लागतं. जोरकसाने दहा मिनिटं पुढे राहावं, नवख्याने वीस सेकंद. पायांत जोर नसेल त्याने पुढे यायचंच नाही, आणि त्यात कमीपणा नाही. मागे राहून हाका पुढे-मागे पोचवणं हेही काम आहे. खड्डा, वाळू, मागून गाडी, कुत्रं, गतिरोधक. पुढच्याला दिसतं ते पंधराव्याला दिसत नाही. एका हाकेने वाचलेली हाडं कुठल्या अ‍ॅपवर दिसत नाहीत, म्हणून त्यांची किंमत कमी होत नाही.

दुसरा धोक्याचा मूर्खपणा खोट्या आमंत्रणाचा. "सगळ्यांना सोबत नेतो" असं लिहायचं आणि कात्रजच्या पायथ्याशीच पांगायचं. ज्या गटाला जोरात जायचं आहे त्याने तसं स्पष्ट सांगावं. सपाटीवर बत्तीस, घाटात कुणाची वाट पाहणार नाही, असं लिहून टाकावं. त्यात अप्रामाणिक काही नाही, आणि ज्याला तो वेग हवा त्याला त्याची माणसंही मिळायला हवीत. फरक फारच मोठा असेल तर दोन तुकड्या करून, सावकाश तुकडीला अर्धा-पाऊण तास आधी सोडून, पोह्यांच्या गाडीवर सगळ्यांनी एकत्र यावं. मिश्र गटाने सगळा वेळ एकाच चाकामागे राहायला हवं असं नाही, पण पोहे एकत्र खायला हवेत. तिथेच ती बारावीची मुलगी विचारते, "दादा, माझी सायकल चढावर कुरकुरते, काय असेल?" आणि दादा हात काळे करून गियर लावून देतो. त्याला पंधरा वर्षं लागली ते कळायला. तिला पाच मिनिटं लागतात, कारण तो घरी गेलेला नाही.

आता एक मागणी, आणि ती गट चालवणाऱ्यांनी मनावर घ्यावी असं मला वाटतं. बहुतेक गटांत सगळ्यात मागे राहण्याचं काम त्याच त्या दोन-तीन भल्या माणसांवर पडतं. ती नाही म्हणत नाहीत म्हणून. आणि सगळ्यात जोरकस माणसं कायम पुढे असतात, कारण ती जोरकस आहेत. हे उलटं हवं. शेवटी राहण्याची पाळी लावावी, आणि ती सगळ्यात जोरकसांनी सगळ्यात आधी घ्यावी. महिन्यातून एकदा, ठरवून. शेवटच्या माणसाजवळ जास्तीच्या दोन ट्यूब, पंप, चेन तोडायचं अवजार आणि मीठ-साखरेची पुडी असावी, कारण गोळे येतात ते मागच्यांना. त्याने कुणालाही "अजून थोडंच आहे" असं सांगू नये, खरं अंतर सांगावं. ज्याला परत फिरायचं असेल त्याच्याबरोबर त्याने परत फिरावं, मग माथा डोळ्यांसमोर का असेना.

या पाळीला जोरकस लोक आढेवेढे घेतील. पायांत दम असताना सबंध सकाळ ताशी अठराने घालवायची, हे त्यांना पटणार नाही. पटवायच्या भरीस पडू नये. फायदे सांगू नयेत, सायलर यांचे आकडे तर अजिबात दाखवू नयेत. गटाच्या यादीत त्यांचं नाव त्या रविवारपुढे लिहावं, त्यांच्या हातात ट्यूब आणि पंप द्यावा, आणि त्या दिवशीचा शेवटचा माणूस कोण आहे, त्याची ओळख करून द्यावी.